नळ गेल्यावर तिसरी घंटा

सकाळी साडेसहाला नाटक ठेवावं ही कल्पना माझी होती, हे आधीच कबूल केलेलं बरं. जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देत-घेत बसलेल्या माणसानं नाट्यगृहाच्या कारभारात तोंड घालू नये, असं मला तेव्हाही वाटत होतं.

दोन हजार सोळाचा एप्रिल. नाट्यगृहाभोवती नवी अपार्टमेंट उठली होती आणि त्यांच्या खोल बोअरपुढं आमची बोअर आटली होती. सगळं टँकरवर. एका प्रयोगाला निम्मा टँकर कूलरच पीत. विश्वस्तांचे अध्यक्ष नानासाहेब म्हणाले, पाऊस पडेपर्यंत कुलूप लावू. तेव्हा व्यवस्थापक नीरजानं पाणीबचत समिती बसवली. समितीत तिघंच: ती, नेहमीचा प्रेक्षक म्हणून मी आणि रंगमंच सांभाळणारा कडुबा.

"सकाळी हवा गार असते," मी चाचरत म्हणालो. "कूलर लागणारच नाहीत."

"लोकं दात घासतील का नाटक बघतील, सर?" कडुबा हसला.

नीरजा मात्र हसली नाही. तिनं नानासाहेबांकडून एक रविवार मागून घेतला. निम्म्या खुर्च्या भरल्या तर नाट्यगृह चालू, नाहीतर कुलूप. कुलूप लागलं की कडुबा पुण्याला मंगल कार्यालयात कामाला जाणार होता.

साडेतीनशे तिकिटं गेली, निम्म्या खुर्च्यांहून थोडी जास्तच. रविवारी सहा पंचवीसला आत चाळीस माणसं. पहिल्या रांगेत नानासाहेब घड्याळ बघत बसलेले.

कडुबा बाहेरून धावत आला. "सर, औरंगपुऱ्यात पाणी सुटलंय! पाच दिसांनी आलंय. नळ सोडून कोण येतंय?"

मी छावणी भागात राहतो. आमच्याकडं पाण्याची वेळ वेगळी. तारीख ठरवताना मी परीक्षा पाहिल्या, लग्नाच्या तिथी पाहिल्या. तिकिटं बहुतेक औरंगपुऱ्यात खपली होती, आणि तिथला नळ मी पाहिला नाही.

नीरजानं पाणी सोडणाऱ्या लाईनमनला फोन लावला. पाणी सव्वासातपर्यंत.

"वेळ म्हणजे वेळ," नानासाहेब म्हणाले. "तिसरी घंटा द्या. उशीर केला तर शेवटच्या अंकाला ऊन चढेल, मग लावाल कूलर."

भानुमतीबाई, आमच्या मुख्य नटी, रंगलेल्या तोंडानं विंगेतून बाहेर आल्या. "घंटा तुम्ही द्या, नानासाहेब, पण मी रिकाम्या खुर्च्यांशी बोलणार नाही. मीही सुनेला नळावर बसवून आलेय."

"काका, लोकांना तुम्हीच सांगा," नीरजा म्हणाली.

रंगमंचावर मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. "चूक माझी आहे," मी म्हणालो. "औरंगपुऱ्यात नळ आलाय. तो गेला की सुरू करू."

"आमच्याकडचा परवाच येऊन गेला, म्हणून तर जमलं!" मागून कोणीतरी ओरडलं.

"माझी बायको अजून नळावर हाय," दुसरा म्हणाला. "तिच्याबिगर सुरू केलं तर मला घरात घ्यायची नाय."

सगळे हसले. नानासाहेब हसले नाहीत, पण घंटेचा विषयही त्यांनी काढला नाही.

सात वीसला पहिली स्कूटर आली. मग दारात रांगच लागली. साड्यांचे काठ ओले, पँटी पोटरीपर्यंत दुमडलेल्या. एका बाईनं ओल्या बोटांनी तिकीट पुढं केलं. "झालं का सुरू?"

"तुमच्यासाठीच थांबलोय," मी म्हणालो. एवढं न अडखळता मी अनोळखी माणसाशी क्वचितच बोलतो.

सात पस्तीसला तिसरी घंटा झाली तेव्हा निम्म्याहून अधिक खुर्च्या भरल्या होत्या. शेवटच्या अंकाला खरंच उकडायला लागलं. कडुबानं कूलरच्या बटणावर हात ठेवून माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवून नको म्हटलं. मग त्यानं मागची दोन्ही दारं उघडली. उजेड आत आला, रंगमंचावरचे दिवे फिके पडले, पण वारंही आलं. एकही माणूस उठला नाही.

पडदा पडल्यावर नानासाहेब मान पुसत आमच्याकडं आले. "पुढच्या रविवारी परत ठेवा."

कडुबाच्या कानाला फोन होता, पलीकडं लाईनमन. "रविवारी नको. त्या दिशी गारखेड्याला पाणी हाय. शनिवारी ठेवा."

नानासाहेबांनी खिशातून डायरी काढली आणि शनिवार लिहून घेतला.