बून-लियोंगची डिस्क

आमच्या ह्यांना नसत्या उठाठेवींची भारी हौस. माझी धाकटी बहीण सिउ-ग्योक जन्मापासून बहिरी. तिचा नवरा बून-लियोंगही बहिराच, गेल्या वर्षी वारला. मागे राहिली ती एक डीव्हीडी. तिच्यात तो खुर्चीत बसून हातांनी गप्पा मारतो, थट्टा करतो. आमच्याच खालच्या मजल्यावर राहणारी सिउ-ग्योक रोज सकाळी पेज पिता पिता ती लावायची आणि त्याला हातांनीच उत्तरं द्यायची. तेवढ्या वेळापुरती ती विधवा नसायची.

एका रविवारी हे खाली गेले. "किती भुरकट दिसतंय गं! थांब, झकास करून देतो," म्हणत प्लेयरच्या सेटिंगमध्ये शिरले. काहीतरी बदललं आणि पडदा काळाठिक्कर!

"झालं समाधान?" मी म्हटलं.

"अगं, जुन्या टीव्हीला नवं सेटिंग झेपलं नाही. आणतो परत."

आणतात कुठून? सेटिंग बदलायची यादीच दिसेना. पण आवाज चालू होता. तळहात तळहातावर आपटल्याचा, धापेचा, मधूनच बून-लियोंगच्या त्या खरखरीत हसण्याचा. मी सिउ-ग्योककडे वळून कानावर बोट ठेवलं, अंगठा दाखवला: डिस्क चांगली आहे, तो आहे आत. तिने मान फिरवली. जन्मभर जेवणाच्या टेबलावर आम्ही हसायचो, आणि काय झालं म्हणून तिने विचारलं की "काही नाही, काही नाही" करून हात हलवायचो. हे त्यातलंच एक, असं तिला वाटलं.

"दुकानात फोन करा ना," मी ह्यांच्या मागे लागले.

"एवढ्याशा गोष्टीसाठी? मी काय मूर्ख आहे?"

"ते मी कशाला सांगू?"

पण फोन काही केला नाही. ती रोज सकाळी काळ्या पडद्यासमोर बसायची. पेज गार व्हायची. पुढे तिने हात हलवणंच सोडलं.

मग बून-लियोंगचं वर्षश्राद्ध आलं. मी वर स्वयंपाकात होते. तिने खाली नैवेद्य मांडला आणि मेलेल्याला पोचाव्यात म्हणून आम्ही जाळतो त्या कागदी नोटांबरोबर अंगणातल्या लोखंडी डब्यात ती डिस्कही जाळली. वास आला म्हणून मी धावत खाली गेले, तर काळा धूर. तिने हातांनी सांगितलं: डिस्क इथे मेली, निदान त्याच्याकडे तरी पोचू दे. दोन नाण्यांचा कौल लावून तिने त्याला विचारलंही होतं, मिळाली का? एक छापा, एक काटा. म्हणजे होकार, मिळाली.

मी वर येऊन ह्यांना इतकं बोलले, इतकं बोलले की त्यांनी दुकानात फोन लावला. रिकामा ट्रे बाहेर काढायचा आणि 'स्टॉप'चं बटण थोडा वेळ दाबून धरायचं, बस्स. खाली जाऊन त्यांनी ते केलं. पडदा निळा झाला, वर अक्षरं आली: डिस्क टाका.

सिउ-ग्योकने ती अक्षरं वाचली. मग माझ्याकडे बघितलं आणि कानावर बोट ठेवून अंगठा वर केला. तू खरं सांगत होतीस?

मी मान हलवली. काय करणार होते दुसरं? आमचे हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

ती देव्हाऱ्यापाशी गेली. नाणी ओंजळीत घेतली आणि बून-लियोंगच्या फोटोसमोर हातवारे केले. मला कळलं ती काय मागतेय: परत पाठव. अगं वेडे, इथून तिथे जातं, तिथून इथे कधी कुणाचं काही आलंय का? मी मनात म्हणत होते, देवा, 'नाही' असा कौल पडू दे. एकदाचं 'नाही' पडू दे, म्हणजे ही मनसोक्त रडेल तरी.

नाणी फरशीवर घरंगळली आणि थांबली. एक छापा, एक काटा.

तिचा चेहरा उजळला. तिने जाऊन ट्रे बाहेर काढला आणि त्यासमोर मांडी घालून बसली.