हातभर अंतरावरची चिमणी

चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलणाऱ्या वहिनींचं आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी भिंतीवर लागलं होतं. वाचनालयात फोटोंचं प्रदर्शन होतं आणि त्यात त्यांची चिमणी होती: पिसं फुलवून लोकरीच्या गुंड्यासारखी झालेली, डोळे अर्धवट मिटलेली. खाली चिठ्ठी, 'विसावा'.

वन्सं सकाळपासून फोटोशेजारी ठाण मांडून होत्या. येईल त्याला सांगत होत्या, "आमच्या वहिनीनं काढलाय. बाग आमचीच, दाण्याचं भांडंही आमचंच. दाणे मी घालते, नाव हिचं होतं!"

दुपारी जनावरांचे म्हातारे डॉक्टर आले. फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले.

"किती वेळ बसली होती ही?"

"चांगली वीस मिनिटं!" वहिनी खुलून म्हणाल्या. "मी हातभर अंतरावर गेले, तरी हलली नाही."

डॉक्टर हसले नाहीत. "धडधाकट चिमणी माणसाला इतकं जवळ येऊ देत नाही, बाई. ही आजारी आहे. चोचीखाली बघा, पिसं ओली आहेत."

वहिनींनी बघितलं. तो ओलावा त्यांना दवाचा वाटला होता. कॉम्प्युटरवर बसून त्यांनी तो जरा उजळसुद्धा केला होता.

"भांडं कधी धुतलं होतं?"

दोन महिन्यांत भांड्याला पाणी लागलं नव्हतं. तळाचे दाणे कुजलेत, वास मारतोय, म्हणत वन्सं दोनदा ब्रश घेऊन निघाल्या होत्या. दोन्ही वेळा वहिनींनीच तो काढून घेतला होता. "प्रदर्शन होईपर्यंत हात लावू नका हं. धुतलं की दोन दिवस एक पाखरू फिरकत नाही."

"दर रविवारी धुतो की आम्ही," वन्सं पटकन म्हणाल्या. "कढत पाण्यानं." खोटं बोलल्या की त्यांचे कान लाल होत. आत्ता ते लालबुंद होते.

"मग आजार दुसरीकडून आला असेल. शेजारी कुणाकडे भांडं आहे?"

"मास्तरीणबाईंकडे आहे ना. त्या तशा जरा..."

"नाही," वहिनी म्हणाल्या. "आमचंच ते. दोन महिने धुतलेलं नाही. ह्या धुवायला निघाल्या होत्या, मी अडवलं. फोटोसाठी."

मागे थांबलेल्या दोघांना अचानक पलीकडच्या धबधब्याचा फोटो फार आवडायला लागला. डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "गल्लीतली सगळी भांडी उतरवा, धुवा, दोन आठवडे दाणे बंद. आजच सांगा सगळ्यांना. पाखरं काय एकाच घरी जेवतात?"

वाटेत वन्सं कुरकुरल्या, "चारचौघांत कशाला बोललीस? मी सावरलं होतं ना."

"मास्तरीणबाईंवर ढकललंत, वन्सं."

"हं. ते जरा जास्तच झालं."

"मी ब्रश काढून घेतला तेव्हा ओरडला का नाहीत माझ्यावर?"

"ओरडणार होते. पण तू इतकी खुशीत होतीस गं."

वन्संनी थप्पड मारली असती तरी वहिनींना इतकी लागली नसती.

मास्तरीणबाई फाटकातच भेटल्या. "या या, कलाकार! तुमची चिमणी बघून डोळ्यांत पाणी आलं हो. नाहीतर आमचं मांजर बघा. चार दिवसांत तीन चिमण्या मारून अंगणात टाकल्यात मेल्यानं. कोंडून ठेवलंय न्हाणीघरात. ओरडू दे!"

आतून दारावर नखं घासल्याचा आवाज येत होता. वन्सं चपलेच्या अंगठ्याकडे बघू लागल्या.

"त्याला सोडा," वहिनी म्हणाल्या.

"अहो, तीन चिमण्या!"

"त्यानं नाही मारल्या," वहिनी म्हणाल्या. मग फाटकाची कडी घट्ट धरून त्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.