साडेपाच तास मागं चालणारा दादा

"महाराज, आत्म्याले पासवर्ड लागते काय?"

प्रश्न माझा, पण पैज मैत्रिणींची. भावना म्हणाली होती, "खुशबू, तुह्यात दम असन तं भरल्या बैठकीत विचारून दाखव." दाखवला विचारून. तोही आमच्याच आसगावच्या घरात, ओसरीपासून अंगणापर्यंत अर्धं गाव दाटून बसलेलं असताना. शेजारच्या देवकाबाईनं कपाळावर हात मारला. बाबांनी मान खाली घातली.

नेटनाथ महाराज मात्र गोड हसले. "बेटी, आत्म्याचा पासवर्ड म्हणजे श्रद्धा. तो तुह्यापाशी नाई."

मागून कोणीतरी खूश होऊन म्हणालं, "बसवली पोट्टीले खाली."

बैठक भरायची ती प्रफुल्लदादाच्या कॉम्प्युटरपुढे. माझा दादा मागच्या उन्हाळ्यात भंडाऱ्याहून मोटारसायकलनं येताना अपघातात गेला. मग त्याचं मशीनही सुरू होईना. पवनीच्या एका दुकानदारानं "डिस्क जळाली, आतलं सगळं गेलं" म्हणत नवी डिस्क घालून दिली, आणि रडणाऱ्या माझ्या मायला हळूच महाराजांचं नाव सांगितलं.

महाराज आधी मॉनिटरवर पांढरं कापड टाकत. कीबोर्डवर झेंडूची फुलं, फुलांवर तळहात. मग मशीन सुरू करायचं आणि प्रवचनही. "शरीर म्हणजे हार्डवेअर, आत्मा म्हणजे सॉफ्टवेअर. माणूस डिलीट होत नाई मायबाप, फक्त हाइड होते." कापड ओढलं की आमची रोजची स्क्रीन गायब. तिथे वैनगंगेच्या पुलावर दात काढून हसणारा दादा. त्याचं नाव, त्याचे फोल्डर. आणि स्पीकरमधून त्याचाच आवाज: "माय, चाय मांड व. आलोच मी."

माय खरंच चहा मांडायची. कप मॉनिटरपुढे ठेवायची आणि त्यावर साय धरेपर्यंत बघत बसायची.

"आता कोपऱ्यातला टाइम पाहा," महाराज म्हणायचे. आमच्या भिंतीवर संध्याकाळचे साडेसात, दादाच्या स्क्रीनवर दुपारचे दोन. "तिकडचा टाइम मागं चालते." सगळ्यांच्या अंगावर काटा यायचा. माझ्याही यायचा, खोटं कशाला सांगू.

बाबांनी एकदा समजावून पाहिलं. "पंचफुला, आपण बुद्धाची वंदना म्हणणारे लोक. आपण हे मानत नाई."

"मीबी नोहती मानत," माय म्हणाली. "माहा पोरगा होता तवा."



माझ्या प्रश्नाच्या त्या बैठकीत महाराजांनी जाहीर केलं की पुढच्या पौर्णिमेला मशीन मठात न्यायचं. "पोराले तिथं मुक्कामाले राहू द्या." म्हणजे दादाचे फोटो, दादाचा आवाज, सगळं मठात, आणि मायनं तिथे रांगेत बसून त्याला भेटायचं. माय हो म्हणून बसली.

दोन दिवसांनी भूगोलाच्या तासाला मॅडम शिकवत होत्या, भारताची वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. माझा पेन थांबला. साडेसातातून साडेपाच गेले तर उरतात दोन. माझा दादा मेल्यावर इंग्लंडला कशाला जाईल? त्याला तर नागपुरातही करमत नव्हतं.

शाळा सुटल्यावर भावनाला घरी आणलं आणि कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण उघडलं. आत दोन डिस्क, दोन्हींना वायरी. एकीवर दादाचं क्रिकेटचं स्टिकर. "जळालेली" डिस्क ठणठणीत होती; म्हणजे दुकानदार महाराजांना सामील होता.

बाकीचं शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांनी समजावलं. एका मशीनमध्ये दोन डिस्क राहू शकतात, प्रत्येकीवर आपापली ऑपरेटिंग सिस्टिम. सुरू होताना ठरावीक बटन दाबलं की कोणती उघडायची ते निवडता येतं; महाराजांचा तळहात फुलांआडून तेच करत होता. नवी सिस्टिम मशीनच्या पोटातलं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर ठेवते आणि दाखवताना साडेपाच तास मिळवते. दादाची सिस्टिम तीच वेळ जशीच्या तशी दाखवते. झाला तिकडचा टाइम.

पौर्णिमेला गर्दी आणखी मोठी. महाराजांनी कापड टाकलं, तळहात ठेवला, प्रवचन झालं, कापड ओढलं. समोर आमची रोजची स्क्रीन. पुन्हा बंद, पुन्हा चालू. पुन्हा तीच.

"आत्मा रुसला," महाराज म्हणाले. "घरात कोणीतरी संशयी हाय."

"रुसला नाई महाराज," मी उठले. "त्याची वायर काढली मी."

मशीन बंद केलं, वायर जोडली, पुन्हा सुरू केलं. या वेळी कापड नाही, फुलं नाहीत. बटन दाबलं आणि काळ्या पडद्यावर दोन डिस्कची नावं आली. खालचं निवडलं. पुलावर दादा हसत उभा राहिला. फाईल उघडली. "माय, चाय मांड व." नवा माइक तपासताना त्यानं कधीतरी भरून ठेवलेला आवाज.

गर्दीतले मंगरूकाका म्हणाले, "म्हणजे हे तं आमच्या टीव्हीचं चॅनल बदलवल्यासारखं झालं." लोक हसले. महाराज पाणी प्यायला म्हणून उठले ते परत आले नाहीत.

मला वाटलं होतं, मी नाचेन. पण देवकाबाई जाता जाता मलाच म्हणाली, "दोन घटकाचं सुख होतं तुह्या मायले. तेबी हिसकलं."

अंगण रिकामं झाल्यावर माय तिथेच बसून होती.

"मंग तो आला नोहता? एकदाबी?"

"नाई माय."

"मले वाटे, चाय थंडी होते म्हणून जाते तो."

मी तिच्या मांडीत डोकं घालून रडले. बाबाही रडले. दादा गेल्यापासून आम्ही तिघं एकत्र रडलोच नव्हतो. महाराजांनी ते होऊच दिलं नव्हतं.

म्हणून सांगते. तुमच्या दुःखावर कोणी कापड टाकत असेल, तर आधी ते कापड उचला. प्रश्न विचारला म्हणून आपलं माणूस रुसत नाही. ज्याचं पितळ उघडं पडणार असतं, तोच रुसतो.

सकाळी मी माय आणि बाबा दोघांना मशीनपुढे बसवलं.

"मी ठरवलं हाय," मी म्हणाले. "दोन्ही डिस्क इथंच राहतीन. माहा अभ्यास माह्या डिस्कवर. दादाची कोणी घराबाहेर नेणार नाई. अन् माय, ते निवडाचं बटन आजपासून मी तुले शिकवणार. आपल्या पोराले पाहाले तुले यापुढं कोणाचा हात लागणार नाई. माहाबी नाई."