करवलीची डावी बाजू

"करवली कोण राहीन, काकू?"

प्रज्वलने मोबाइलवर टाइप करता करता सहज विचारलं. धाड गावाच्या आसपास लग्नांची शूटिंग करणारा हा पोरगा बराच वेळ ओसरीत बसून कोणकोणते प्रसंग घ्यायचे ते ठरवत होता. हळद झाली, मामाने नवरीला आणणं झालं, सूनमुख, बिदाई, वरून ड्रोन. सत्यभामाबाईंनी सगळं हौसेनं सांगितलं. एकुलती एक लेक होती अपेक्षा. पण या प्रश्नावर त्यांचा हात चहाच्या कपावरच राहिला. सुनेकडे न बघता त्या म्हणाल्या,

"गोपालची पोरगी राहीन."

दारातल्या निशिगंधाने ते ऐकलं. गोपाल तिचा चुलत दीर. आणि इकडे आतल्या खोलीत तिची स्वतःची लेक मयुरी तांब्यावर बटाटा ठेवून, तोल सांभाळत, भिंतीपासून भिंतीपर्यंत चालत होती. नारळाचा कऱ्हा घेऊन नवरीच्या मागे उभं राहायचं म्हणून सोयरीक ठरल्यापासून तिचा हाच उद्योग चालला होता.

"आई, मयुरीचं ठरलं होतं ना?"

सत्यभामाबाई उठल्या, तिला स्वयंपाकघरात घेऊन आल्या आणि आवाज खाली आणला.

"ठरलं व्हतं. पण करवली नवरीच्या मांगंच उभी राह्यते. जितक्या खेपा नवरी दिसन तितक्या खेपा ते दिसन. अन् हे कॅमेरेवाले आता पार नाकातोंडाजवळ येतात. उद्या शेगावच्या पावण्यांनी टीव्हीवर लावून पाह्यलं त्? तुले सांगा लागते काय?"

सांगायला लागत नव्हतं. दिवाळीनंतर मयुरीच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्याला तांदळाएवढा पांढरा डाग दिसला, मग उजव्या हाताच्या बोटांवर. डॉक्टर म्हणाले, कोड आहे, लागट नाही, दुखत नाही. निशिगंधा बी.एस्सी. झालेली, तिला हे सगळं माहीतच होतं. तरी रोज सकाळी ती पोरीचा चेहरा खिडकीकडे वळवून डाग पसरला का ते बघायची. नवरदेवाकडच्या, शेगावच्या पाहुण्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. घरात कोड आहे म्हटल्यावर लोक पुढचं ऐकून घेत नाहीत. हळद लागलेली पोर तेवढ्यावरून मांडवातून उठून घरी बसलेली गावाने पाहिली होती.

"मयुरीच राहीन," मागून अपेक्षा म्हणाली. तिने सगळं ऐकलं होतं. "माह्या भावाची पोरगी सोडून मी दुसरी उभी करू काय?"

"तुले नांदाचं हाय का नाही वं?" सत्यभामाबाई कडाडल्या.

अपेक्षाचा आवाज ठाम होता. पण बोलून झाल्यावर ती आईकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यातलं निशिगंधाला दिसलं. आपलं कुणी ऐकू नये, अशी आशा होती ती. तिचा राग यावा की कीव, तेच निशिगंधाला कळेना.

आतून मयुरी ओरडली, "मम्मी, पाह्य! पडला नाही!"

निशिगंधा ओसरीत गेली.

"प्रज्वलभाऊ, करवली मयुरीच आहे. फक्त तिला डावीकडूनच घ्यायचं."

"काऊन वहिनी? मांडवात उजेड त् उजव्या अंगानं येते."

"तिची डावी बाजू चांगली येते."

"हिरोइनच झाली म्हना की!" तो हसला.

"हाव, हिरोइनच आहे."

मग तिनेच समोर बसून एकेक प्रसंग ठरवला. मंगलाष्टकांना कॅमेरा कुठे, जवळून फक्त नवरीचे हात, सप्तपदीला करवली नकोच. ड्रोन चालेल म्हणाली. वरून सगळ्यांची डोकीच दिसतात. सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मध्येच त्यांनी तिच्यापुढे चहा आणून ठेवला.

लग्नापर्यंत तिने मयुरीला ते खेळासारखं शिकवलं.

"कॅमेरा दिसला की?"

"गाल दाखवाचा!"

"कोणता?"

"हा!"

"आणि हात?"

"कऱ्ह्याच्या मांगं! पण काऊन, मम्मी?"

"तसा फोटो छान येतो."

मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा प्रज्वल सांगितल्या जागी उभा होता. निशिगंधाला एकही ओळ ऐकू येत नव्हती. ती फक्त त्याचे पाय बघत होती. शेवटचं कडवं आलं आणि गर्दीतून वाट काढत नवरदेवाची आई, अन्नपूर्णाबाई, मोबाइल उंच धरून पुढे आली. उजवीकडून. अगदी जवळ.

"ओ करवलीबाई, इकडं पाह्य वं माय!"

मध्ये अंतरपाटाभोवतीची माणसं होती. निशिगंधाला पुढे जाता येईना. सासूबाईंची बोटं तिच्या मनगटात रुतली.

मयुरीने मोबाइल पाहिला. घाई न करता, कऱ्हा हलू न देता, ती अख्खी वळली. डावा गाल पुढे केला, बोटं कऱ्ह्यामागे घेतली आणि गोड हसली.

"मोठी गुणाची हाय हो पोरगी!" अन्नपूर्णाबाई खूश झाल्या. वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या.

"शहानी हाय माय तुही लेक," सासूबाई पुटपुटल्या. त्यांचे डोळे भरले होते. निशिगंधाने श्वास सोडला. तिच्या अक्षता मुठीतच घामेजून राहिल्या होत्या.

उन्हं कलल्यावर अपेक्षाची गाडी शेगावकडे गेली. मंडपवाले खुर्च्या एकात एक घालत होते. पाहुणे पांगले होते. रिकाम्या बोहल्यावर मयुरी परकराचा घेर फुलवत बसली होती. आता बघायला कुणी नव्हतं. निशिगंधाने मोबाइल काढला.

"मयू, इकडं पाह्य. एक फोटो."

मयुरी उभी राहिली. गाल वळवला, हात परकरात लपवला.

"आता नको तसं. समोर बघ माझ्याकडे."

"नाही. तसा छान नाही येत."

निशिगंधा तिच्या उजव्या बाजूला गेली. मयुरी वळली. ती आणखी पुढे सरकली, मयुरी आणखी वळली. पोरीला वाटलं नवा खेळ आहे. ती खिदळायला लागली. हातातला मोबाइल तसाच वर धरून निशिगंधा तिच्याभोवती फिरत राहिली, आणि मयुरी जागच्या जागी गिरक्या घेत, हसत, दर वेळी तिच्या आधी वळत राहिली.