चीजला ऊन दाखवलं त्याची गोष्ट

आधीच सांगते, माझा हेतू वाईट नव्हता. लोक हसतात, आमचे शालिग्राम तर अजून हसतात. पण बुरशी धरलेल्या वस्तूला ऊन दाखवायचं, हे मला माझ्या आईनं शिकवलं आणि तिला तिच्या आईनं. डाळ असो, पापड असो, नाहीतर गोधडी. पुढं आपल्या पोरीच्या हातात फ्रान्सचं चीज येणार आहे, हे त्या बिचारीला कुठून माहीत असणार?

मी शांताबाई. राहायला लिंबायतला, मूळ गाव अमळनेरकडचं. नवरा, म्हणजे हेच शालिग्राम, लूमच्या कारखान्यात मिस्त्री. सत्त्याण्णव साली मी इच्छापोरला एका कंपनीच्या गेस्ट हाउसात स्वयंपाकाला जायचे. इंजिनियर लोक यायचे, चार दिवस राहून जायचे. कायमचा असा एकच, बेन्वासाहेब. फ्रान्समधल्या डोंगरातला माणूस, ताडमाड उंच, उन्हानं नाक कायम लाल. माझी शेवभाजी खाताना डोळ्यांतून पाणी यायचं, नाकातून यायचं, तरी वाटी पुढं करायचा. हिंदी शिकला रिक्षावाल्यांकडून, त्यामुळं बोलणं कसं असेल ते तुम्हीच ओळखा. मी आपली त्याचं बोलणं आपल्या भाषेत सांगते.

जुलैत तो सुट्टीवरून परत आला आणि सामान खोलीत न नेता थेट माझ्या ओट्यावर बॅग उघडली. आधी कागद, मग फडकं, मग आणखी एक फडकं. आणि आतून जो वास आला! अहो, मी दोन पावलं मागं सरले. आत एक गोल गठ्ठा, पुरणपोळीएवढा रुंद आणि वीतभराहून थोडा कमी उंच, वरून राखाडी, लव आलेली.

"साहेब, विमानात काही मेलं होतं का?" मी विचारलं.

तो खदाखदा हसला. म्हणाला, "माँ ने बनाया."

आईनं केलंय म्हटल्यावर पुढं काय बोलणार? मग तो स्टुलावर बसला आणि हातवारे करून सगळी कृती सांगायला लागला. त्याच्या आईकडे नऊ गाई. उन्हाळा आला की गाई घेऊन वर डोंगरात जायचं, बर्फ वितळून गवत आलेलं असतं तिथं, आणि थंडी पडेपर्यंत वरच राहायचं. वर दूध विकत घेणार कोण? म्हणून त्याचं चीज करायचं. मोठ्ठं चीज करायचं तर गावभरच्या गाईंचं दूध एका हंड्यात ओततात, आणि ते एकेक चीज बैलगाडीच्या चाकाच्या तोडीचं, एका माणसाला उचलत नाही. एक छोटं मऊ चीज असतं, त्याची तर गंमतच. जुन्या काळी जमीनमालक दूध मोजायला यायचा. तो समोर असताना लोक गाय अर्धीच दोहायचे, आणि तो गेला की पुन्हा दोहायला बसायचे. त्या मागून काढलेल्या दाट दुधाचं ते चीज. हे ऐकून मला भारी आवडलं. म्हटलं, म्हणजे तुमच्याकडचे लोकही आपल्यासारखेच आहेत की!

"आणि हे?" मी त्या लव आलेल्या गठ्ठ्याकडे बोट केलं.

हे साधं, घरोघरचं. साय काढून लोणी बाजारात पाठवायचं आणि उरल्या दुधाचं हे करायचं. तांब्याच्या हंड्यात दूध कोमट करायचं. ते घट्ट झालं, खरवसासारखं थरथरायला लागलं, की तारा लावलेल्या चौकटीनं कापायचं, मक्याच्या दाण्याएवढं होईतो. मग ढवळत ढवळत पुन्हा तापवायचं, फडक्यात गोळा करायचं, लाकडी कड्यात दाबून वर वजन ठेवायचं, दिवसभर उलटसुलट करायचं. दुसऱ्या दिवशी मीठ. आणि मग तळघरात, लाकडाच्या फळीवर, दोन-तीन महिने. रोज उलटायचं, रोज हात फिरवायचा. वरची लव घासून काढायची नाही, नुसती थोपटून बसवायची. त्या लवेला ते लोक मांजराचे केस म्हणतात.

मी सगळं मन लावून ऐकलं. चक्का मी जन्मभर बांधलाय, त्यामुळं समजत होतं. एकच गोष्ट राहिली होती.

"विरजण कशाचं लावता? दह्याचं का लिंबाचं?"

साहेबानं स्वतःच्या पोटावर हात ठेवला. म्हणाला, "बछड़ा. छोटा. उसका पेट."

माय व! मी उठले, नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, साबण लावून दोनदा. आम्ही मटण खाणारी माणसं, सोवळ्याचं नाटक मी करत नाही. पण दूध घट्ट करायला गाईच्या वासराचं पोट? मी स्पष्ट सांगितलं, "साहेब, इसको मैं हाथ नहीं लगाएगी." त्यानं मान हलवली. वाद नाही, राग नाही. फ्रिजच्या खालच्या भाजीच्या कप्प्यात फळी टाकली, त्यावर चीज, वर ओलं फडकं, आणि रोज सकाळी स्वतः येऊन उलटायला लागला.

पंधरा दिवसांनी कंपनीनं त्याला समुद्रातल्या कामावर पाठवायचं ठरवलं. सोळा दिवस. आता चीज कोण बघणार? चौकीदार रामदास त्या वासाला घाबरून फ्रिजकडे फिरकतही नव्हता. साहेब माझ्याकडे आला, पण तोंडानं काही मागितलं नाही. एक फोटो दाखवला फक्त. डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी, पायात रबरी बूट, बाह्या वर सारलेल्या, हात गाईच्या पाठीवर. अगदी माझी सासू म्हशीजवळ उभी राहायची तशी.

"घुटना खतम," तो म्हणाला. आईला आता डोंगर चढवत नाही. यंदा वर गेलीच नाही, सगळ्या गाई विकल्या. विकण्याआधी शेवटच्या दुधाची चीजं केली, त्यातलं सगळ्यांत देखणं निवडून लेकाला दिलं. "ये लास्ट. इसके बाद नहीं."

आता सांगा, नाही कसं म्हणणार? मी म्हटलं, "ठेवा. फडक्यानं धरीन आणि घरी जाऊन आंघोळ करीन." त्यानं पुन्हा पुन्हा बजावलं. धुवायचं नाही, घासायचं नाही, रोज उलटायचं. मीही सांगून टाकलं, की मधे आमची कानबाई आहे, तेव्हा रविवार-सोमवार मी यायची नाही. कानबाई म्हणजे काय, तर आमची खानदेशातली देवी, श्रावणात घरी बसते, तिच्या प्रसादाचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात, हे पण समजावलं. खाण्याचं नाव निघाल्यावर साहेबाचे डोळे चमकले. "मेरे लिए रोट?"

"नाही साहेब. वो घरवालों का है. बाहर नहीं देते." खरंच देत नाहीत. रोट घरात आणि भाऊबंदांतच खायचे, पौर्णिमेच्या आत संपवायचे. आमच्याकडे तर रोट खाल्ल्यावर हात धुतलेलं पाणीसुद्धा बाहेर सांडत नाहीत, आपल्याच आंगणात खड्डा करून त्यात ओततात. साहेब म्हणाला, ठीक आहे. पण तोंड एवढंसं झालं होतं.

तो गेला आणि दोन दिवसांनी पाऊस असा कोसळला की इच्छापोरची लाइट गेली ती दीड दिवस आलीच नाही. फ्रिज बंद, आणि पाण्यामुळं मलाही दोन दिवस कामावर पोचता आलं नाही. तिसऱ्या दिवशी कप्पा उघडला तर मांजराचे केस कसले, अख्खं मांजरच बसलं होतं! हातभर लव, त्यात हिरवे ठिपके, वास तर विचारू नका. म्हातारीचं शेवटचं चीज आणि ते माझ्या ताब्यात सडलं.

आणि नेमकं त्याच दिवशी आठवड्यानंतर लख्ख ऊन पडलं. मी डोकं चालवलं. धुऊ नको म्हणाला, घासू नको म्हणाला. ऊन दाखवू नको असं कुठं म्हणाला? नेलं गच्चीवर, खाटेवर पांढरं फडकं अंथरलं, त्यावर चीज, वर झिरझिरीत ओढणी. म्हटलं पंधरा मिनिटं, बास. तेवढ्यात खाली गॅसवाला आला, तो जुनं सिलिंडर न्यायला तयार होईना, त्याच्याशी माझं जुंपलं. भांडण मी जिंकले. वर आले तेव्हा तास उलटून गेला होता.

चीज घामाघूम झालं होतं. खाटेखाली तुपाचे थेंब. आणि मधोमध चीर, माझं बोट आत जाईल एवढी.

मी तिथंच खाली बसले. रडले, खोटं कशाला बोलू? मग उठले, पोळ्या झाकायला घरून आणलेल्या शालिग्रामांच्या जुन्या धोतराची पट्टी फाडली आणि चिरेच्या दोन्ही बाजू दाबून करकचून बांधली. फडक्याबिडक्याचं भान राहिलं नाही, दोन्ही हातांनी बांधली. पुन्हा फ्रिजमध्ये ठेवलं. घरी गेले तर शालिग्राम नाक दाबून म्हणतात, "तुना हातले कसाना वास येस व?" मी आंघोळ केली आणि सगळं सांगितलं. हसून हसून माणूस खाटेवरून पडायचा बाकी होता. मग माझं तोंड बघून गप्प झाले.

कानबाई बसली. सगळ्या बाया लेकराबाळांसाठी मागत होत्या आणि मी मनात म्हणत होते, माय, त्या म्हाताऱ्या बाईचं चीज वाचव, पुन्हा कशालाच ऊन दाखवणार नाही. मंगळवारी कामावर जाऊन पट्टी सैल करून पाहिली, तर चिरेच्या आत निळं दिसलं. निळं! अन्नात निळं म्हणजे संपलंच की सगळं. तेव्हापासून मी फक्त उलटत राहिले, बघायची हिंमत झाली नाही.

शनिवारी साहेब आला. दारातच मी सगळं ओकले. लाइट गेली इथपासून धोतराच्या पट्टीपर्यंत, एका दमात. हिंदी, मराठी, अहिराणी, काय बोलले माझं मला ठाऊक नाही. त्यानं काही न बोलता कप्पा उघडला, चीज ओट्यावर ठेवलं, पट्टी सोडली. चिरेवरून अंगठा फिरवला.

"साहेब, शिव्या द्या, कामावरून काढा, पण काहीतरी बोला हो!"

त्यानं सुरी घेतली आणि बरोबर चिरेवरच कापलं. आत पिवळंधमक, आणि चिरेच्या कडेनं निळी रेघ थेट खालपर्यंत गेलेली. एक तुकडा तोंडात टाकला. डोळे मिटले. चावतोय, चावतोय, आणि एकदम डोळ्यांतून पाणी.

मग तो बोलला. म्हणाला, शांताबाई, चांगली चीजं आई बाजारात पाठवायची. ज्यांना चीर पडायची, आत निळं जायचं, ती कुणी घेत नसे. ती घरात राहायची. लहानपणी मी तीच खाल्ली, रोज, तीच. घर सोडलं तेव्हापासून आई मला चांगलं चीज देते. पाहुण्याला देतात ना, तसं. पंधरा वर्षं झाली. मग चिरेकडे बोट करून म्हणाला, "आज घर का खाया."

मी पदर तोंडाला लावला.

त्यानं दुसरा तुकडा कापला, निळी रेघ असलेला, आणि माझ्यापुढं धरला. "ये घरवालों का है. बाहर नहीं देते."

माझेच शब्द! जसेच्या तसे. त्यात टोमणा नव्हता, म्हणून तर जास्त लागले. मी तुकडा हातात घेतला, तोंडापर्यंत नेला. पण नाही हो झालं. वासराचं पोट डोळ्यांपुढून जाईना. "साहेब, नाही जमत मला," म्हटलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो हसला, माझ्या हातातला तुकडा घेऊन स्वतः खाल्ला. म्हणाला, कोई बात नहीं. त्याला खरंच वाईट वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं.

घरी एकच रोट उरला होता, सोमवारी पौर्णिमा. मी सासूबाईंना म्हटलं, हा मी साहेबाला नेते. त्या उसळल्या. "तो कोण लागस आपला?" मी म्हटलं, त्यानं त्याच्या घरातलं मला दिलं, मला गिळवलं नाही, निदान आपलं तरी त्याला देऊ द्या. म्हातारी पुटपुटत राहिली. शालिग्रामांनी उठून रोट फडक्यात बांधला आणि मुकाट्यानं माझ्या पिशवीत ठेवला.

रविवारी मी त्याच्यापुढं ताट मांडलं. त्यानं विचारलं, "पर ये तो घरवालों का?" मी म्हटलं, "चुपचाप खाओ." त्यानं रोटावर आपलं चीज ठेवलं आणि कण न् कण संपवला. कानबाईनं असला प्रसाद कधी पाहिला नसेल! मग मी त्याला वॉशबेसिनकडे जाऊ दिलं नाही. पातेल्यावर हात धरायला लावले, वरून पाणी घातलं, आणि ते पाणी झाकणाच्या डब्यात भरून घेतलं. तो बघत राहिला. त्याला सांगितलेलं सगळं त्याच्या लक्षात होतं, म्हणून विचारलं काहीच नाही.

लिंबायतच्या रिक्षात दाटीवाटीनं बसले, डबा मांडीवर. शेजारची बाई सारखी कोपरानं ढकलत होती. शेवटी विचारते, "मावशी, एवढं जपून काय नेताय त्यात?"

म्हटलं, "घरच्या माणसानं हात धुतलेत, ते पाणी आहे. सरका जरा, सांडेल."