पटावर एकवीस

आमच्या शाळेचा पट एकवीस. वीसच्या खाली गेला की शाळेला कुलूप, असा नियम. दुसरी शाळा हमरस्त्यापलीकडे, तासाभराची पायपीट. लहान पोरं तिथवर जाणार नाहीत, घरीच बसतील, हे कळायला कोणी मोठा विद्वान लागत नाही.

पण वरून पत्र आलं ते निकालाचं. आमची सरासरी घसरली होती. मोठ्या बाई पत्र हातात घेऊन नुसत्या बसून राहिल्या. अक्कल पाजळली ती मी.

"वार्षिक चाचणीला ती तीन कच्ची मुलं घरीच राहू देत. सरासरी आपोआप वर येईल."

"बरं दिसेल का ते?"

"सगळेच करतात, बाई."

तिघांच्या घरी मीच गेले. इस्त्रीवालीच्या मुलीला वाचायला फार वेळ लागायचा. तिच्या आईला म्हटलं, उद्या हिला पाठवू नका. का, हे तिने विचारलंही नाही. बाईंवर विश्वास!

निकाल लागला. भागात पहिला नंबर. आठ दिवस आम्ही दोघी मान ताठ करून फिरलो.

मग शिक्षण खात्याच्या साहेबांनी आम्हाला बोलावलं. "हजेरीपटावर आता भरवसा राहिलेला नाही," ते म्हणाले. "जिथे तिथे खोटी नावं. यंदा चाचणीला बसली तितकीच डोकी मोजलीत. तुमची अठरा. शाळा बंद."

मी सगळं कबूल केलं. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे निकालही खोटा? मग तर बंद करायला दोन कारणं झाली."

सोमवारी दारावर नोटीस लागली. इस्त्रीवालीची मुलगी सगळ्यांच्या आधी आली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायला लागली. तिला ते वाचून दाखवायची, खरं सांगायचं तर, माझ्यात हिंमत नव्हती.

"पटसंख्या... अठरा..." ती थांबली. "बाई, आपण एकवीस ना?"

"हो."

"मग आम्हा तिघांना धरलंच नाही?"

"नाही. तुम्हाला मीच घरी बसवलं होतं."

रागावली असती तर बरं झालं असतं. ती विचार करत राहिली.

"मला येत नाही म्हणून?"

"नाही गं," एवढं म्हणायला मला जरा उशीर झाला. तोवर धाकटी मुलं फाटकातून आत आली होती, आणि ही मुलगी त्यांना समजावून सांगत होती की शाळा तिच्यामुळे गेली.