पिवळ्या अक्षरांचा पडदा

मी एक जुना पडदा आहे, आणि मित्रांनो, स्वतःविषयी चार शब्द बोलायचे म्हटले की माझी दातखीळ बसते. पडद्याने बोलायचे नसतेच मुळी, झाकायचे असते. पण माझ्यावर एकदा बोलायची वेळ आणली गेली. तीही भर रस्त्यात, पिवळ्या रंगात. त्याची लाज अजून माझ्या धाग्याधाग्यात आहे, म्हणून सांगून टाकतो.

माझा जन्म एका गिरणीत झाला. गडद निळे, जाड, दुहेरी विणीचे असे आमचे मोठे ठाण होते. त्यातले माझे सख्खे भाऊ एका नाटकगृहात लागले. ते उघडले की टाळ्या पडतात म्हणे. मी शेवटी उरलेला तुकडा. शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आल्या, त्यांनी मला हातात घेतले, उजेडाकडे धरले, पलीकडचे काही दिसत नाही याची खात्री केली आणि म्हणाल्या, "हाच द्या." माझ्या आयुष्यातली ती पहिली आणि बराच काळ एकमेव शाबासकी.

मावशींचे दुकान म्हणजे एक लांबट, अरुंद खोली. खिडकीपाशी शिलाई मशीन, भिंतीला इस्त्रीचे टेबल आणि मागच्या कोपऱ्यात आरसा, स्टूल आणि मी. आरशामागे वर एक खिडकी होती, तिथून दुपारी भरपूर ऊन यायचे. मावशी नवे कपडे शिवत नसत. त्या जुने कपडे माणसाच्या नव्या मापाचे करून देत. ओठांत कायम टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणे जेमतेम. 'हं' म्हणजे हो, 'अंहं' म्हणजे नाही, आणि भुवई उचलली की समजायचे, सरळ उभे राहा.

त्या दुकानात कोणी मिरवत येत नसे. लग्न तोंडावर आलेला एक जण आला, त्याच्या कोटाचे बटण पोटावर लागत नव्हते. एक आजोबा आजारपणानंतर इतके वाळले होते की विजार एका हाताने धरून आले. एका बाईंना आपल्या गेलेल्या नवऱ्याचा कोट स्वतःच्या मापाचा करून हवा होता, आणि हे त्यांना मुलांना कळू द्यायचे नव्हते. सगळ्यांची पिशवी छातीशी धरलेली, नजर जमिनीकडे. माझ्याआड गेले की मात्र त्यांचा श्वास मोकळा व्हायचा. कोणी रडायचे, कोणी आरशातल्या स्वतःला शिव्या द्यायचे. ते सारे मी ऐकले आणि पोटात ठेवले. मला माझ्या कामाचा अभिमान होता, असे म्हटले तर चालेल ना?

मग समोरच्या बाजूला एक नवे दुकान झाले. काचेच्या भिंती, झगमगते दिवे, दारावर फिरती अक्षरे. मावशींकडची वर्दळ हळूहळू रोडावली. मावशी काही बोलल्या नाहीत. बोलली ती त्यांची भाची.

भाची मावशींकडेच राहायची. तिला सगळे भिंगरी म्हणत, आणि त्या नावाला ती जागत असे. एका जागी बसली तर तिच्या पायाला मुंग्या येत. तिचा मावशीवर भारी जीव. दुकान बंद पडले तर मावशी आतून मोडेल, हे तिला कळत होते. म्हणून तिने एका वर्गात नाव घातले. तिथे माणसाला स्वतःचा ब्रँड कसा करायचा ते शिकवत. रोज संध्याकाळी ती तिथून पेटून यायची.

"मावशी, सर म्हणाले, प्रत्येकाला स्वतःचं घोषवाक्य पाहिजे. त्यातून तुझी आवड दिसली पाहिजे, तुझी ऊर्जा दिसली पाहिजे! ऐकणाऱ्याच्या अंगात वीज सळसळली पाहिजे!"

"हं," मावशी म्हणाल्या.

"हे बघ. 'सुई आमची, शान तुमची!' कसं वाटतं?"

"अंहं."

"'ना घट्ट, ना सैल, एकदम झकास!'"

मावशींनी भुवई उचलली.

"बरं, मग तूच सांग. तुला या कामातलं सगळ्यात जास्त काय आवडतं? अगदी मनापासून?"

मावशींनी ओठांतल्या टाचण्या काढल्या, म्हणजे प्रश्न गंभीरपणे घेतला. थोडा विचार करून म्हणाल्या, "उसवणं."

"काय?"

"उसवणं गं. जुनी शिवण कापडाला न दुखवता उसवता आली पाहिजे. पुढचं काय, कुणीही शिवतं."

भिंगरीने कपाळाला हात लावला. "उसवणं घोषवाक्यात कसं घालू मी? लोक पळून जातील!" मीही हसलो असतो, पण पडद्याने हलायला वारा लागतो.

याच दिवसांत बस चालवणाऱ्या बाई आल्या. त्यांना सगळी वस्ती ओळखायची. भरलेल्या बसमध्ये शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा त्यांचा आवाज, आणि हसणे त्याहून मोठे. मधल्या काळात त्यांचे ऑपरेशन झाले होते. आजारामुळे छातीची एक बाजू काढावी लागली होती. त्या दिवशी त्या माझ्याआड आल्या तेव्हा आरशाकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"मावशी, सोमवारपासून कामावर जायचंय," त्या इतक्या हळू बोलल्या की मला वाटले दुसरेच कोणी आहे. "युनिफॉर्मचा शर्ट असा बसवा, की कुणाची नजर अडकायला नको. वाकून बसून मला गाडी नाही चालवता येणार."

मावशींनी आतून मऊ पॅड बेतले, कच्चे टाके घातले. म्हणाल्या, "शुक्रवारी या. एकदा घालून बघू, मग पक्कं करते." बाई जाताना माझ्यावरून हात फिरवून गेल्या. का, ते मला ठाऊक नाही. मी मात्र त्या स्पर्शाने सुखावलो.

बुधवारी मावशी डोळे तपासायला गेल्या होत्या. भिंगरी एकटीच दुकानात होती आणि तिला घोषवाक्य सापडले. ती आनंदाने नाचली. मग तिने दुकानभर नजर फिरवली, एवढे मोठे कापड कुठे मिळेल म्हणून, आणि ती नजर माझ्यावर येऊन थांबली. मित्रांनो, माझ्या कड्या गजावरून निघाल्या तेव्हा मला धुलाईला नेत आहेत असे वाटले. तिने मला टेबलावर पसरले आणि पिवळ्याधमक रंगाने माझ्या अंगभर लिहिले:

'अंग बदललं? लाजता कशाला? बिनधास्त आत या!'

आणि मला दुकानाच्या दारावर, बाहेर, उन्हात टांगले. माझ्या जागी आत एक पांढरी चादर लागली, धुऊन धुऊन विरलेली.

कशी सांगू माझी अवस्था? ज्याने जन्मभर लोकांची लाज झाकली, त्यालाच चव्हाट्यावर उभे करून 'लाजता कशाला' म्हणून ओरडायला लावले. येणारेजाणारे मान वर करून वाचत. काही हसत. दोन मुली फोटो काढून गेल्या. पिशवी छातीशी धरलेले एक गृहस्थ दारापर्यंत आले, त्यांनी मला वाचले, पिशवी पाठीमागे लपवली आणि सरळ चालत गेले. जणू ते या दुकानात येतच नव्हते.

संध्याकाळी मावशी आल्या. त्यांनी मला वाचले. भिंगरी दारात उभी, चेहरा नुसता फुललेला. "मावशी, आता बघ कशी रांग लागते!" मावशींचे ओठ हलले. त्या मला लगेच उतरवणार असे मला वाटले. पण त्यांनी पोरीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अक्षर छान आहे तुझं." एवढेच. गुरुवारी दोनदा स्टूल घेऊन त्या दारापर्यंत आल्या, आणि दोन्ही वेळा भिंगरी समोर आली म्हणून काच पुसून परत गेल्या.

शुक्रवारी भर दुपारी बस चालवणाऱ्या बाई आल्या. फुटपाथवर थांबल्या. मला वाचले, पुन्हा एकदा वाचले. कोपऱ्यापर्यंत परत गेल्या आणि मग मन घट्ट करून आल्या. माझ्याखालून जाताना त्यांनी मान इतकी खाली घातली, की मला फाटून पडावेसे वाटले.

आत एक कंडक्टर आपली विजार घ्यायला येऊन बसला होता. बाईंच्याच डेपोतला. बाई पटकन चादरीआड गेल्या. मागच्या खिडकीतले ऊन त्यांच्यावर पडले आणि त्यांची सावली चादरीवर उमटली. अगदी स्वच्छ, एका बाजूला भरलेली, एका बाजूला सपाट. तो कंडक्टर भला माणूस होता हो. त्याने झटकन मान खाली घातली. पण चादर रुंदीला अपुरी होती, बाजूला फट होती, आणि त्याने मान खाली घातली तेच नेमके बाईंना दिसले.

बाई बाहेर आल्या त्या स्वतःच्या कपड्यांत, बटणे वरखाली लागलेली. टाचण्या लावलेला शर्ट स्टुलावरच राहिला. "राहू द्या मावशी," त्या म्हणाल्या. "मी ऑफिसातलं टेबलावरचं काम मागून घेते. तिथं मागच्या खोलीत बसलं की कुणी बघत नाही." आणि त्या गेल्या. गेल्या त्या माझ्याचखालून.

भिंगरी चादरीकडे बघत राहिली, मग दाराकडे. तिला सगळे एकदमच कळले असावे, कारण ती तिथेच खाली बसली आणि हमसून हमसून रडू लागली. "मला वाटलं, लोकांना धीर येईल. मला खरंच तसंच वाटलं होतं गं."

मावशींनी स्टूल घेतले, मला स्वतःच्या हाताने उतरवले आणि घडी घातली. त्यात तो शर्ट ठेवला. "चल."

"मी? मी नको मावशी. मी त्यांना तोंड कसं दाखवू?"

"रडत चाल हवं तर. पण चल."

बाई तिसऱ्या मजल्यावर, भाऊ-भावजयीबरोबर एकाच मोठ्या खोलीत राहायच्या. त्यांनीच दार उघडले. "मावशी, तुम्ही कशाला आलात?"

"शर्ट अर्धा आहे," मावशी म्हणाल्या. आज त्यांच्या ओठांत एकही टाचणी नव्हती. "आणि चूक आमची आहे. हिनं उत्साहात लिहिलं. मी वाचलं तेव्हाच उतरवायला हवं होतं. पण पोरीचं मन मोडवेना, आणि मोडलं भलत्याचंच. एकदा घालून बघा. मग टेबलावर बसायचं की गाडीत, तुमचं तुम्ही ठरवा."

बाईंनी घडीतल्या शर्टाकडे पाहिले. भाऊ-भावजय चहाचे कप हातात धरून इकडेतिकडे बघत होते. त्या घरात आडोसा म्हणून नव्हताच. मग बाई वळल्या आणि खोलीच्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

मावशींनी माझी घडी उघडून माझी दोन टोके भिंगरीच्या हातांत दिली. ती तिथल्याच एका स्टुलावर चढली आणि तिने दोन्ही हात डोक्याच्या वर ताणून मला धरले. माझी कोरी बाजू बाईंकडे होती, रंगवलेली तिच्याकडे. तिचे तोंड माझ्या पिवळ्या अक्षरांना जवळजवळ टेकले होते. माझ्याआड मावशी शांतपणे काम करत होत्या. इथे थोडे उसव, तिथे चिमूटभर आत घे, हात वर करा, हात स्टिअरिंगवर आहेत असे धरा. भिंगरीचे दंड थरथरू लागले, त्याबरोबर मीही थरथरू लागलो. पण तिने मला बोटभरसुद्धा खाली येऊ दिले नाही.

तेवढ्यात आतून बाईंचा आवाज आला. "पोरी, तुझ्या समोरच आहे ना ते? वाच की मोठ्यानं. काय लिहिलंयस ते."

भिंगरीने तोंड उघडले. "अंग..." ती म्हणाली. जीभ अडखळली. वर्गात हेच वाक्य तिने टाळ्या घेत म्हणून दाखवले होते. पुन्हा प्रयत्न केला. तिचा श्वास गरम होऊन माझ्यावर आदळत होता.

"अक्षर तर केवढं मोठं काढलंयस. वाचता येत नाही?"

"नाही येत, ताई."

"का गं?"

"लाज वाटते मला," भिंगरी म्हणाली, आणि तिचे डोळे माझ्या 'कशाला'वर गळू लागले.

आत बाई हसल्या. त्यांचे ते शेवटच्या बाकापर्यंत जाणारे हसणे नव्हते, पण त्याच घराण्यातले होते.

"वाटते ना? मग मावशीचं काम जमेल तुला," त्या म्हणाल्या. "धर नीट. सोमवारी सकाळची पहिली गाडी माझी आहे, शर्ट चांगला बसला पाहिजे."

मित्रांनो, माझ्यावरचा रंग काही निघाला नाही. भिंगरीने घासून पाहिला, उकळून पाहिला. शेवटी तिने त्यावर आतून अस्तर लावले, हाताने, बारीक टाक्यांनी, आणि मला परत आरशापाशी माझ्या जागी टांगले. ती आता मावशींजवळ उसवायला शिकते आहे. समोरचे दुकान अजून झगमगते, आमच्या दुकानावर काही लिहिलेले नाही, आणि पुढे काय होईल ते मला माहीत नाही. पण अस्तराखाली ती अक्षरे आहेत, आणि दुपारचे ऊन पडले की मला ती जाणवतात.

तुम्हीही मोठे व्हाल, आपापले घोषवाक्य शोधाल. जरूर शोधा, उत्साहाने शोधा. फक्त ते वाक्य ज्याच्यासाठी लिहिले, त्या माणसाजवळ उभे राहून एकदा मोठ्याने म्हणून पाहा. जीभ अडखळली, तर रंगाचा डबा झाकून ठेवा. आणि कुठेही पडदा ओढलेला दिसला, तर तो सरकवण्याआधी बाहेरून हाक मारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आत कोणीतरी असते.